बेटाआधीचा मुक्काम

समुद्रातल्या बेटावर जायचं ठरलं, तेव्हा दोघींनी आधी काय काढलं असेल तर कॅलेंडर. विमान, बोट, खोली हे सगळं जाहिदाचा मुलगा जुबेर बघणार होता. पण बिनउपवासाचा आठवडा हुडकणं काही त्याला जमणारं काम नव्हतं.

तारामतीनं नांदेडच्या आपल्या स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, चष्मा चढवला आणि फेब्रुवारीचं पान काढलं. तिकडं लातूरला जाहिदा आपलं उर्दू तारखांचं कॅलेंडर नाकाशी धरून बसली होती.

"आधी शबे-बारात होऊ दे. त्याच्याआधी मी घर सोडत न्हाई," जाहिदा म्हणाली.

"मग लगेच संकष्टी येती. चंद्र बघून जेवायचं असतं. विमानात कुठं शोधू चंद्र?"

"विमानात तर जवळ असंल की गं!"

"हसू नकोस. संकष्टी झाली की निघू. अन् एकादशीच्या आत घरी."

"हाव. म्हंजे तुझी एकादशी घरात, माझा रमजान घरात. मधी एक सोमवार येतोय, तारा."

"सोमवार तर आपला दोघींचाबी. माझा उपास, तुझा रोजा."

"मी न्हाई धरत तिथं. मुसाफिराला माफ असतंय. तू शहाळं पी, चालतंय ना उपवासाला?"

चालत होतं. सहा दिवस सापडले, कोरे करकरीत. जाहिदानं टाळी द्यायला हात पुढं केला, तसा तिचा तळवाच फोनभर झाला. "जुबेर, लिहून घे रे! आम्ही दोघी आन सोबतीला नाजिया." नाजिया म्हणजे जुबेरची बायको. तिला पोहायला येत होतं आणि मोबाईलमधलं सगळं कळत होतं, म्हणून तिची नेमणूक.

तारामती हसली खरी, पण कॅलेंडर खिळ्याला परत अडकवताना तिचा हात थांबला. सोमवार, संकष्टी, एकादशी, सगळं त्यात छापलेलं असतं. तिचा जो खरा नेम होता, तो कुठल्याच तारखेखाली छापलेला नव्हता. तो रोजचाच होता.

गेली चौतीस वर्षं ती पहाटे उठून, अंघोळ करून गंगेवर जात होती. इथली माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. तिचं दर्शन घेतल्याशिवाय तारामती पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. ताप असो, पाऊस असो, पूर असो. पुरात तर सोपंच, नदीच अर्ध्या वाटेवर भेटायला यायची. मुक्काम करायचा तर गोदाकाठच्या गावीच. पैठण झालं होतं, नाशिक झालं होतं. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गेली तरी दिवस मावळायच्या आत माघारी. मुलीचं, सुकन्याचं, सासर सोलापूरला. तिथं तिनं एक रात्र काढली नव्हती. तिचे यजमान दयानंद म्हणायचे, "हिला नदीनं दत्तक घेतलंय."

नेम होता, एवढं त्यांना माहीत. कशासाठी, ते त्यांनाही नाही. नवस बोलून दाखवला की उणा होतो, असं तिच्या आईनं शिकवलेलं.

आणि बेटाची गोष्ट तर नेमाहूनही जुनी.

जाहिदाचे वडील खाजामियाँ उन्हाळ्यात नदी उतरली की विष्णुपुरीच्या बाजूला, दोन धारांच्या मधल्या वाळूत टरबुजाची वाडी करायचे. घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेलं की ते वाळूचं बेट यायचं. त्यावर पाल्याची एक खोप, खोपीत एक माठ, आणि शाळेला सुट्टी लागलेल्या दोन पोरी. वेलींची राखण करायची, वाळू तापली की पाय पाण्यात सोडून बसायचं. खाजामियाँ टरबुजावर टिचकी मारत, कान लावत, आणि मग एक फोडून गाभ्याचा लाल खडा बरोबर मधोमध कापून दोघींच्या हातावर ठेवत. तहान लागली की त्या एकाच माठातलं पाणी. तारामतीची आई फार सोवळ्याची. पण बेटावरच्या माठाचं तिनं कधी विचारलं नाही, आणि तारामतीनं कधी सांगितलं नाही.

खाजामियाँ जहाजानं हजला जाऊन आले होते. विडी पेटवून सांगायचे, "मुंबई मागं पडली आन एक बेट दिसलं. हिरवं, टिकलीएवढं. चारी बाजूला पानीच पानी. अपना क्या, दो धारा का बेट. मनात म्हटलं, पोरींना दावायला पायजे."

पोरींनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. काय काय न्यायचं तेही ठरलं. एक टरबूज, एक चाकू, मिठाची पुडी. भांडण एवढ्यावरच झालं, की समुद्रच खारा असताना मीठ कशाला न्यायचं. दोन दिवस अबोला होता त्यावरून.

मग मोठं धरण झालं. पाणी फुगलं आणि ते बेट खोपीच्या खुंटासकट खाली गेलं. पुढं खाजामियाँही गेले. जाहिदा तोवर लातूरला नांदत होती. दोघी एकमेकींकडं जायच्या, लग्नाकार्याला, बारशाला. पण बेटाचा विषय कुणी काढत नव्हतं.

यंदा जाहिदाच्या डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलं, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरलं. आहे ते सांभाळा, गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "तारा, आपलं बेट राहिलंय. नळीत मावंल तेवढा समुंदर बघून घेते. अंदमानात एक लहानसं बेट जुबेरनं हुडकलंय. पन तुझ्याबिगर मी जात नस्ते."

त्या भरात तारामती हो म्हणून बसली होती.

कॅलेंडर बघून झाल्यावर दोन दिवस तिनं कुणाला काही सांगितलं नाही. नदीवर गेली की नुसती उभी राहायची. दयानंदांनी न सांगताच ओळखलं आणि आपल्या परीनं तोड काढली. "मी रोज इथून फोनवर नदी दाखवतो की तुला."

"तुम्ही? आठाला उठवायला दोन माणसं लागतात तुम्हाला. अन् फोनातल्या नदीला ओल असती का?"

तिसऱ्या दिवशी तिनं लातूरला फोन लावला. "जाहिदा, मला न्हाई जमायचं गं."

"का?"

"ह्यांची शुगर..."

"दयानंदभाऊंची शुगर पंधरा वर्षं झाली, तुझ्या बहान्याला कामी येऊन राहिली."

"माझी शुगर एकदम ठीक आहे!" बाहेरच्या खोलीतून दयानंद ओरडले. "उगाच मला मधे घेऊ नका!"

एरवी जाहिदा पोट धरून हसली असती. ती हसली नाही. "बरं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी दुपारी दारात गाडी थांबली. जुबेरचा हात धरून जाहिदा उतरली. आल्या आल्या म्हणाली, "आज मी मुक्कामाला हाय. तुझ्यासारखी पळून जानारी न्हाई." जेवणं झाली, जुन्या गप्पा झाल्या, पण बेटाचं नाव दोघींनीही काढलं नाही. सकाळी तारामती दाराशी गेली, तर जाहिदा शाल पांघरून तयार. "मीबी येते तुझ्या गंगेवर."

घाटावर गारवा होता. पलीकडून गुरुद्वाऱ्यातल्या कीर्तनाचे सूर येत होते. तारामतीनं तिचा हात धरला. "पायरी. आता अजून एक. ही तुटकी आहे, जपून." मागून जुबेर दोघींच्या चपला हातात घेऊन उतरत होता.

तारामतीनं नदीला हात जोडले. जाहिदा तिचं आवरेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "एक इचारू? नदीसमोर खरं सांगशील?"

"विचार की."

"माझ्या घरी तू एक रात न्हाई राहिलीस. जुबेरच्या लग्नात मी तुझ्यासाठी येगळी खोली झाडून ठिवली. नवं ताट, नवा तांब्या आनला, कुनाचा हात लागू दिला न्हाई. तू संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलीस. मी बोलले न्हाई. म्हटलं, तिचं देवाधर्माचं असतंय, आपल्या घरचं सकाळचं पानी तिला चालत नसंल. आता बेटावर एका खोलीत राहायचं म्हटल्यावर मागं सरलीस. तेच हाय ना, तारा?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षं ही बाई मनात हे घेऊन तिच्याशी हसत-बोलत होती, आणि आपला नेम कुणाला टोचत नाही, या समजात ती रोज इथं हात जोडत होती.

"अगं, माठातलं पाणी विसरलीस का?"

"मी न्हाई विसरले. तू विसरलीस का, ते इचारून राहिले."

तारामतीनं नदीकडं पाहिलं. सांगावं तर नेम उणा होणार. न सांगावं तर शेजारी उभी असलेली ही मैत्रीण तेवढीच उणी राहणार. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हिचं दर्शन झाल्याबिगर मी पाणी पीत न्हाई. लातूरला सकाळ झाली तर नदी कुठून आणू? म्हणून न्हाई राहिले. तुझ्याकडंच काय, सुकन्याकडंबी न्हाई."

"कवापासून हाय हे?"

"जुबेर इथं दवाखान्यात होता ना," तारामती म्हणाली. "तव्हापासून."

जाहिदा माहेरी आलेली असताना चार वर्षांचा जुबेर तापानं फणफणला होता. मेंदूज्वर. अकरा दिवस पोर शुद्धीवर नव्हतं. त्या अकरा दिवसांतलं जाहिदाला फारसं काही आठवत नव्हतं. पण रोज सकाळी डबा घेऊन येणारी तारा आठवत होती, आणि तिचे ओले केस. थंडीच्या दिवसांत ही एवढ्या सकाळी न्हाऊन कुठून येते, असं तेव्हा मनात आलं होतं. विचारायचं राहून गेलं होतं.

जाहिदा खाली पायरीवरच बसली.

"मुदत बोलायची राहिली," तारामती चूक कबूल केल्यासारखी म्हणाली. "घाईत होते ना. मुदत घालून नवस बोलावा, हे मागून कळलं."

"येडी कुठली!" जाहिदानं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग पदरानं डोळे पुसले, मग परत एक घातला. "चौतीस वर्षं! आन मी रुसून तो तांब्या कपाटात घालून बसले!"

वरच्या पायरीवर जुबेर तसाच उभा होता. अडतीस वर्षांचा बाप्या, लातूरला मोटारपंपाचं दुकान चालवणारा, दोन्ही हातांत बायकांच्या चपला. त्यानं त्या शिस्तीत खाली ठेवल्या. तारामतीला तो लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणत आला होता.

"खाला, हा नेम माझ्यापायी हाय ना? मग सहा-सात दिवस माझ्याकडं द्या. मी इथं येऊन राहतो."

"तुला कसं जमंल, बाबा? उठल्या उठल्या पाणीसुद्धा न्हाई..."

"रमजानात महिनाभर दिवसभर पानी पीत न्हाई मी. हे तर सकाळचं तेवढं." तो हसला. "आन काकांना पत्ते खेळायला गडी पायजेच हाय."

तारामतीला आईचं आणखी एक सांगणं आठवलं. आपला नेम दुसऱ्याला सोपवायचा झाला तर नुसत्या तोंडानं सोपवू नये, उदक सोडून सोपवावा. तिनं खाली वाकून ओंजळ भरली. जुबेरनं न सांगता उजवा हात पुढं केला. तिनं ते पाणी हळूहळू त्याच्या तळव्यावर सोडलं, आणि मनातल्या मनात नदीला सांगितलं, ज्याच्यासाठी बोलले होते तोच येईल. ओळखून घे.

"झालं?" जाहिदानं विचारलं. "आता मीठ कोन आननार, ते ठरव."

"मीठ न्यायचं न्हाई."

"न्यायचं!"

निघायचं लातूरहून ठरलं. तिथून गाडीनं हैदराबाद, पुढं विमान, मग बोट. जुबेर दोन दिवस आधीच नांदेडला येऊन राहिला. संकष्टीच्या दिवशी तारामती मोदकांचा डबा घेऊन लातूरला गेली आणि जाहिदाच्या गच्चीवरून चंद्र बघून तिनं उपवास सोडला. जाहिदाला चंद्र पुरा दिसला. "नळीत बरोबर बसतोय," ती म्हणाली.

सकाळ झाली. तारामती सवयीनं लवकर उठली, न्हाली, आणि जायला कुठं नाही म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसली. हात मोकळे मोकळे वाटत होते. बाहेर नाजिया बॅगांना कुलपं लावत होती. जाहिदा कपाट उघडून काहीतरी चाचपत होती.

फोन वाजला.

"खाला," जुबेरच्या आवाजामागं वारा होता, आणि लांबून कीर्तन. "बघितली. धुकं हाय, पलीकडचा काठ दिसत न्हाई. पन बघितली. घ्या आता पानी."

"तू घेतलंस का?"

"आधी तुम्ही."

जाहिदा समोर येऊन उभी राहिली. हातात लखलखीत तांब्या, बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. तारामतीनं तो घेतला, चिठ्ठीवरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवला.

"हा बेटावर न्यायचा, मीठ ठेवायला. मला घरातलं दे."

मग जाहिदानं माठावरचं झाकण सरकवलं, रोजचा पेला बुडवला आणि तारामतीच्या हातात दिला.