मूलच्या पुढं लागलेला पाऊण तास

लिटरमागं सोळा किलोमीटर जाणारी उमाजीची जुनी कार हिवाळा लागल्यापासून अकरावर आली होती. पूर्वी एका टाकीत नागभीडहून चंद्रपूरला दोनदा जाऊन येणं व्हायचं. आता दुसऱ्या खेपेला परतताना वाटेतल्या मूल गावच्या पंपावर थांबावंच लागे.

चंद्रपूरला नोकरीला असलेला मुलगा प्रफुल सुट्टीत घरी आला आणि गाडी घेऊन बापासोबत कमरुद्दीन मिस्त्रीकडं गेला. "दोष सापडला तं ठीक," तो म्हणाला, "नाई तं रविवारी गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

उमाजीला गाडी विकायची नव्हती. बायको गेल्यापासून घरात त्याचा जीव लागत नसे. मग तो गाडी काढायचा, जवळच्या तळोधी गावापर्यंत जायचा आणि तसाच परत यायचा. एवढाच त्याचा दिवस होता.

कमरुद्दीननं टायरमधली हवा पाहिली, एअर फिल्टर बदलला. गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हातानं फिरवली. ब्रेक कुठं घासत नव्हते. प्लग मात्र काजळीनं काळे पडले होते.

"पेट्रोल पुरं जळून नाई राह्यलं," तो म्हणाला. "उमाजीभाऊ, आपल्या इकडं उन्हाळ्यात गाडी उकळली का मिस्त्री लोक पयले थर्मोस्टॅटचा वॉल, म्हंजे इंजिन गरम होईस्तोर पानी अडवनारी झडप, काढून फेकतेत. उन्हाळा निभते, पण थंडीत इंजिन गरमच होत नाई अन् पेट्रोल पेत राह्यते. तुमचा काढला का कोनी?"

प्रफुल शेजारीच उभा होता.

"नाई," उमाजी म्हणाला.

चाळीस वर्षांची ओळख. कमरुद्दीननं शब्द मानला, उघडून पाहिलं नाही. "मंग इंजिनच उतरवा लागन."

"काऊन उतरवता चाचा? थकली आता ते. विकतो मी." प्रफुलनं फोन काढला.

वॉल मे महिन्यात निघाला होता. आजारी बायकोला, गिरजाला, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेताना मूलच्या पुढं गाडी उकळली. रस्त्यावरच्या मिस्त्रीनं वॉल काढून दिला, त्यात पाऊण तास गेला. दवाखान्याच्या दारात प्रफुल ओरडला, "एवढा उशीर?" तेव्हा उमाजी बोलून गेला, तुझी आईच निघायला तयार नव्हती. चार दिवसांनी ती गेली. तेव्हापासून जो भेटेल त्याला प्रफुल सांगायचा, आईनं ऐकलंच नाही, वेळेवर निघाली असती तर वाचली असती. उमाजी खाली मान घालून ऐकायचा.

प्रफुलनं नंबर लावला.

"ठेव तो फोन," उमाजी म्हणाला. "वॉल काढला आहे. तुह्या आईले नेताना. पाऊण तास तिथंच गेला. ते तं सकाळीच तयार होऊन बसली होती."

प्रफुलनं फोन खाली घेतला. कमरुद्दीन बोनेटमध्ये वाकला, दोन बोल्ट सोडले. आतली जागा रिकामी होती.

"खोटं बोलले तुमी?" प्रफुल म्हणाला. "अन् तेही तिच्यावर?"

"हो."

"लवकर पोचले असते, तं वाचली असती का?"

"मले नाई माहीत. डॉक्टरले विचाराची हिंमतच नाई झाली."

प्रफुलनं फोन खिशात घातला. मग त्यानं विचारलं, "गाडी उकळली तवा काय म्हने आई?"

"आपली पान्याची बाटली देल्ली. म्हने, रेडिएटरात वता, मले तहान नाई."

"अन् मी आठ महिने तिलेच दोष देत राह्यलो," प्रफुल म्हणाला.

कमरुद्दीननं दुकानातून नवीन वॉल आणला. "गिऱ्हाइकाचं काय?" त्यानं हळूच विचारलं.

प्रफुलनं पुन्हा नंबर लावला. "गाडी विकाची नाई," एवढंच बोलून फोन ठेवला. मग बापाकडं न पाहता म्हणाला, "पन मले तुमचा राग आला आहे, बाबा. लवकर नाई जानार."

"राहू दे," उमाजी म्हणाला आणि कमरुद्दीनला बोल्ट द्यायला वाकला.