वरणातली पुडी

तुळशीरामनं दारू सोडल्याची गोष्ट शांताला इतकी पाठ होती, की तो कुठे थांबेल, कुठे खाकरेल आणि कुठे डोळे पुसेल हे ती स्वयंपाकघरात बसून सांगू शकली असती. रोज दिवेलागणीला ओसरीवर सतरंजी पडायची. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, पिणारे आणि सोडू पाहणारे जमायचे. आधी पंचशील व्हायचं. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं, की तुळशीराम हमखास आवाज चढवायचा. मग गोष्ट सुरू.

अभनपुरच्या एका लग्नात, सोडल्यानंतर, मित्रांच्या आग्रहाखातर त्यानं दोन घोट घेतले होते. तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, आणि ओकून ओकून तो मांडवामागे आडवा झाला.

"तवा मले समजलं," तो म्हणायचा. "मनानं तं सोडलीच होती, आता आंगानंबी सोडली. कोनतं औषध नाही, कोनता बाबा नाही. तुमचं आंगच नाही म्हनते पाहा!"

आत शांता वरण घोटत असायची, आणि त्याच वरणात औषध असायचं. तिचा मामेभाऊ गंगाधर नागपूरला एका दवाखान्यात कंपाउंडर होता. पुड्या त्यानंच आणून दिल्या होत्या. "याच्यावर दारू प्याली तं जीव घाबरा होते," तो म्हणाला होता, "जीव जाऊबी शकते. म्हणून मानसाले सांगूनच देत असते." शांतानं पुड्या घेतल्या आणि सांगायचं तेवढं सोडून दिलं.

तिला नावं ठेवणाऱ्यानं आधी तिचे जुने दिवस पाहावे. वॅगनच्या कारखान्यात कामाला असलेला हा माणूस पगार झाला की नाल्याकाठी पडलेला सापडायचा. ती त्याला घरात कोंडून बाहेरून कडी घालायची, आणि तो आतून वरवंट्यानं दार फोडायचा. पोरं शेजारी झोपायची. त्याच माणसाला आता सगळा पारा भैया म्हणत होता. मुलीच्या सोयरिकीला आलेले लोक त्याला मान देऊन बोलले होते. हे सगळं एका चिमूटभर भुकटीवर उभं आहे हे त्याला सांगायला शांताची जीभ रेटत नव्हती. मात्र कधी कधी तो ओसरीवर छाती काढून बोलत असला, की तिला रागही यायचा.

त्यातच एक दिवस पाऱ्यातलीच वनमाला पोराला घेऊन आली. तिचा हा मुलगा, विकी, राज्याच्या नव्या राजधानीच्या बांधकामावर काँक्रीटची गाडी चालवायचा. रस्ते होत होते, इमारती उठत होत्या, आणि विकीची कमाई पिण्यात जात होती. तो बाहेर सतरंजीवर बसला. वनमाला आत येऊन रडायला लागली.

"वैनी, खरं सांगा, तुमी काय केलं? नुसत्या गोष्टीनं कोनी सोडते का?"

शांतानं गप्प राहायला हवं होतं. पण बाईचं रडणं तिला पाहवेना, आणि खरं सांगायचं तर हे आपण केलं आहे हे कुणाला तरी कळावं असंही तिला वाटत होतं. तिनं डब्यामागून पुड्या काढल्या आणि अर्ध्या वनमालाच्या पदरात बांधल्या.

"वरनात टाकत जाय. त्याले सांगू नोको."

बाहेर विकी विचारत होता, "भैया, मुझसे नहीं हुआ तो?"

"होगा रे. एक दिन तेरा शरीर खुद मना करेगा. तब समझना, छूट गई."

होळीच्या दुपारी विकी कामावरच्या पोरांबरोबर प्यायला. तोंड लाल झालं, छाती उडायला लागली. पोरं त्याला दवाखान्यात न्यायला निघाली, तर तो हसला. कुछ नहीं, शरीर मना कर रहा है, भैया ने कहा था, असं म्हणून तो गाडीच्या केबिनमध्ये जाऊन पडला. ऊन उतरल्यावर पोरं उठवायला गेली. विकी गेलेला होता.

ही हकिकत पोरांनी मसणात तुळशीरामला सांगितली. तो घरी आला आणि भिंतीला टेकून बसला.

"शांते, जे मले झालतं तेच त्याले झालं. मंग मी कसा वाचलो?"

शांता उठून आत गेली. उरलेल्या पुड्या तिनं त्याच संध्याकाळी मोरीत ओतल्या.

विकीच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी वनमाला आली. ती रडत नव्हती. तिनं पदराची गाठ सोडली आणि राहिलेल्या पुड्या तुळशीरामपुढे ठेवल्या.

"भैया, हे तुमच्या घरचं. वैनी तुमच्या वरनात टाकते, म्या माह्या पोराच्या वरनात टाकलं." एवढं बोलून ती निघून गेली.

तुळशीरामनं एक पुडी उघडून पाहिली.

"कवापासून?"

"तुमी सोडतो म्हनलं तवापासून."

"अभनपुरले?"

"त्याच्या आधीपासून."

"म्हनजे म्या सोडलीच नवती," तो म्हणाला. "आन् त्या पोट्ट्याले म्या सांगतलं, आंग मना करते म्हनून."

शांता त्याच्या पायाशी बसली. "अवो, विकी गेला त्या दिवसापासून म्या टाकली नाही. आईची आन. तरी तुमी प्याले नाही ना? हे तं तुमचंच आहे!"

"मले का मालूम होतं? मले वाटे, आंगच घेऊ देत नाही!" तो ओरडला, आणि लगेच त्याचा आवाज बसला. "आता मालूम झालं. आता मले कोन थांबवते?"

त्यानं पुड्या उचलल्या आणि तिच्यासमोर मोरीत ओतल्या. मग तो खोलीत गेला. इतक्या वर्षांत शांतानं त्याला रागावलेलं, रडलेलं, पडलेलं पाहिलं होतं. घाबरलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

"बाहेरून कडी घाल," तो आतून म्हणाला.

"अवो..."

"घाल म्हनतो ना!"

तिनं दार ओढून कडी घातली. वरवंट्याच्या खुणा अजून त्या दारावर होत्या.

दिवेलागणीला माणसं आली. सतरंजी पडलेली नव्हती. भैय्यालाल नावाचा रिक्षावाला सगळ्यांत पुढे होता. त्यानं दाराकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. पिणाऱ्याला ती कडी ओळखू यायला वेळ लागत नाही, त्याच्या घरीही तीच होती.

"भैया फिर शुरू हो गए क्या, दीदी?"

"नाही," शांता म्हणाली. "त्यायनं नाही घेतली."

कुणाचा विश्वास बसला नाही. एकेकानं चपला घातल्या. कोपऱ्यावर दारूच्या दुकानाचा दिवा लागला होता आणि त्यांतले दोघे तिकडेच वळले. शांताला ते बघवेना. तिनं कडीला हात घातला. बाहेर येऊन त्यानं नुसतं एकदा बोलावं, मग ही माणसं थांबतील, असं तिला वाटलं.

कडी वाजली तसा आतून तुळशीरामचा आवाज आला, दाराला अगदी लागून.

"शांते, काढू नोको."