छपरातला कवड्या

भाताची कंजी ढवळता ढवळता पचैअम्माने सासऱ्यापुढे मनगट धरलं. "मामंजी, झोपेत काहीतरी टोचलं बघा."

चोक्कनने तिचा हात दाराच्या उजेडात नेला. दोन बारीक टोचे. सूज नाही.

"पहाटे तिच्या चटईजवळून पट्ट्यांचा साप गेला," त्याची बायको काळी म्हणाली.

चोक्कन हसला. "मग आपला कवड्याच की. बिनविषारी. पाल समजून चावला असेल. एवढी वाळलीस होय गं?"

"सासरचं खाऊन," पचैअम्मा म्हणाली आणि पोट धरून मटकन खाली बसली.

"कालचं खेकड्याचं कालवण बाधलं," काळी म्हणाली.

चोक्कनचा जन्म साप धरण्यात गेला होता. साप धरून जगणाऱ्या इरुळ आदिवासींच्या त्या वस्तीत छपरातल्या कवड्यावर कुणी काठी उगारत नसे. चोक्कनने सवयीने वर पाहिलं. झावळ्यांच्या सांदीत कवड्या वेटोळं घालून पडला होता.

"काळे, तू पाहिलास तो वर चढला?"

"छे! दारातून बांधाकडे गेला."

चोक्कनचं हसू मावळलं. "पट्टे मानेपासून होते?"

"मान नुसती काळी कुळकुळीत. पट्टे मागे, शेपटीकडे."

"मण्यार!" मण्यार दुसऱ्या सापांना खाते. कवड्याच्या मागावर ती घरात शिरली होती, आणि चोक्कनने दोघांना एकच समजून वेळ घालवला होता. पोटही विषानेच दुखत होतं, खेकड्याने नव्हे.

"मुनिया, रिक्षा काढ!" तो शेजाऱ्यावर ओरडला.

मिठागरांचा रस्ता सरता सरेना.

"डोळे मिटू नकोस, पोरी."

"मी कुठे मिटतेय, मामंजी? पापण्याच खाली येतायत."

मग तिची जीभही जड झाली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणता साप?"

"मण्यार. मी कवड्या म्हणत बसलो, तिथेच उशीर झाला."

श्वासाचं यंत्र लागलं, औषधाची बाटली टांगली गेली. ते औषध बनवायलाही मण्यारीचंच विष लागतं. त्यासाठी चोक्कनने कितीतरी मण्यारी धरून दिल्या होत्या. तो थेंबांकडे बघत राहिला.

पापण्या उघडल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. यंत्र निघाल्यावर काळी म्हणाली, "घरी गेल्यावर आधी त्या कवड्याला हाकलते. त्याच्यापायीच ती आली."

"मग पाली काय तुम्ही खाणार, आत्याबाई?" पचैअम्मा घोगऱ्या आवाजात म्हणाली.

चोक्कन हसला नाही. घरी येऊन त्याने बांधाकडच्या भिंतीतली बिळं चिखलाने बुजवली आणि सुनेसाठी खाट विणायला घेतली, जमिनीपासून चांगली उंच. वर सांदीत कवड्या पाल गिळत होता.