कोरी चौकट

चाळीस वर्षं नोंदणी कचेरीच्या दारात बसून दस्तकाकांनी लोकांचे कागद लिहिले. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, म्हणाल ते. समोर सख्खे भाऊ गळ्यात गळे घालून बसले तरी काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "प्रेम घरी ठेवा. इथे कागद करा." कागद नको म्हणणाऱ्याला ते तोंडावर मूर्ख म्हणायचे आणि चहासुद्धा विचारायचे नाहीत.

असा हा माणूस सत्तरीला टेकल्यावर परदेशात समुद्राकाठी घर घेऊन बसला, आणि तेही दुसऱ्याच्या नावावर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

कारण होतं काकूंचं. त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी गॅस विसरल्या, मग वार, मग नवरा. समुद्राकाठच्या घराचा हट्ट तेवढा विसरल्या नाहीत. तो त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी धरला होता आणि काका जन्मभर "बघू" म्हणत आले होते. आपल्या देशात किनाऱ्यावरच्या जागेचा भाव ऐकूनच घाम फुटावा. परदेशातला एक दलाल मात्र दोन खोल्यांच्या भावात अख्खं घर देत होता. घर जुनं होतं, पण खिडकी उघडली की समोर पाणी. काकांनी राहती जागा विकली आणि काकूंना घेऊन तिकडे भाड्याच्या खोलीत उतरले.

"एक बारीकशी अडचण आहे," दलाल म्हणाला. दलालांना अडचणी नेहमी सगळं ठरल्यावरच आठवतात. "परक्याच्या नावावर किनाऱ्याची जागा होत नाही. इथल्या कुणाच्या तरी नावावर घ्या. बाहेरून येणारे सगळे तसंच करतात."

"आणि त्याने उद्या आम्हाला बाहेर काढलं तर?"

"म्हणून तर वेगळा करार करायचा. इथे सही चालत नाही, अंगठाच लागतो. तो घ्यायचा आणि कागद पेटीत ठेवून द्यायचा."

इथल्या कुणाच्या तरी म्हणजे कुणाच्या, तर नर्सबाईच्या. तिशीतली बाई, मागेपुढे बोटीवर खलाशी असलेला एक भाऊ, बाकी कोणी नाही. भाड्याच्या खोलीत ती काकूंना सांभाळायला यायची, आणि काकू तिच्याच हातून जेवायच्या. करार काकांनी स्वतः लिहिला, इथल्या भाषेतला नमुना समोर ठेवून, मोत्यासारख्या अक्षरात. घर नर्सबाईच्या नावावर; पण ही दोघं जिवंत आहेत तोवर तिने किंवा तिच्या वारसाने त्यांना हलवायचं नाही. तारीख घातली. खाली डाव्या अंगठ्यासाठी चौकट आखली.

खरेदीच्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या चढताना नर्सबाईने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "सावकाश, बाबा." हा शब्द तिला काकूंनी शिकवला होता, त्यांच्या डोक्यात शब्द शिल्लक होते तेव्हा. दस्तकाकांना मूलबाळ नव्हतं. या शब्दाची त्यांना सवयच नव्हती. करार काढायला खिशाकडे गेलेला हात तसाच परत आला. लेकीकडे अंगठा कसा मागायचा? खरेदीखत झालं, आणि कराराची चौकट कोरीच राहिली.

दोन वर्षं बरी गेली. खाटेपासून खिडकीपर्यंतची अकरा पावलं काकूंच्या पायांना पाठ झाली. खिडकीशी बसल्या की त्यांचा हात थरथरायचा थांबायचा. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, "यांना आता इथून हलवू नका. नवी खोली त्यांना कळायचीच नाही. खाणंपिणं सोडतील."

आणि एका मंगळवारी काकूंच्या गोळ्या आणायला सायकलवर गेलेली नर्सबाई ट्रकखाली आली.

आता खरं सांगायला हवं. ती गेल्याचं कळलं तेव्हा काकांच्या मनात आधी ती आली नाही, घर आलं. घर आता तिच्या भावाचं. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार होता. रडू नंतर आलं, आणि ते दुःखाचं की भीतीचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

सकाळी शेजारणीला काकूंजवळ बसवून त्यांनी पेटी उघडली. करार घेतला, शाईचा पॅड घेतला आणि हॉस्पिटलची वाट धरली.

मेलेल्या माणसाचा अंगठा उठवणं ही त्यांच्या धंद्यात काही नवी युक्ती नव्हती. चाळीस वर्षांत चार जण तसला कागद लिहून मागायला आले होते. चौघांनाही काकांनी हाकलून दिलं होतं. एकाला तर भर कचेरीत म्हणाले होते, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस का रे?"

शवागाराच्या रखवालदाराने विचारलं, "तुम्ही कोण?"

"बाप," काका म्हणाले.

रखवालदाराने मान खाली घातली आणि पडदा ओढून तो बाहेर गेला.

काकांनी तिच्या तोंडावरची चादर काढली नाही. फक्त डावा हात बाहेर घेतला. अंगठ्याला पट्टी होती. घाईघाईत त्यांनी ती सोडवली, अंगठा पॅडवर दाबला आणि सवयीप्रमाणे आधी रद्दी कागदावर उठवून बघितला. चाळीस वर्षांची सवय. पहिला ठसा कधी दस्तावर घ्यायचा नाही.

ठशाच्या मधोमध दोन कोऱ्या खुणा उमटल्या होत्या. दातांच्या. दहा दिवसांपूर्वी काकूंना गोळी भरवताना त्या कडकडून चावल्या होत्या. रक्त आलं होतं, दवाखान्यात नेऊन पट्टी बांधावी लागली होती. नर्सबाई हसत म्हणाली होती, "आईचे दात अजून पक्के आहेत हं, बाबा."

करारावर तारीख दोन वर्षांपूर्वीची, आणि अंगठ्यावर जखम दहा दिवसांची. कचेरीतल्या खरेदीखतावरच्या अंगठ्याशेजारी हा ठेवला की शेंबडं पोरही सांगेल. असले कितीतरी अंगठे काकांनी स्वतः पकडून दिले होते.

त्यांनी कागदांची घडी घातली. आपल्याला लाज आडवी आली नाही, बायकोचे दात आडवे आले. अंगठा धड असता तर आपण तो उठवलाच असता. हे त्यांना लख्ख कळलं. रुमाल ओला करून ते तिचा अंगठा पुसत राहिले. जखमेतली शाई काही निघेना.

पडदा हलला. पाठीवर पिशवी घेतलेला एक रापलेला माणूस आत आला. ठरल्यापेक्षा लवकर. तिचा हात धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"तुम्हीच बाबा ना? फोनवर तुमचंच सांगायची. म्हणायची, बाहेरून आलेले लोक इतर बायकांकडून आधी अंगठे घेतात. माझ्या बाबांनी नाही घेतला. गावभर सांगितलं तिने ते." त्याने डोळे पुसले. "घराची काळजी करू नका. मला कुठे हवंय ते घर? तिचे आईबाप तिथे…"

बोलता बोलता त्याने काकांचे दोन्ही हात हातात घेतले. मग आपल्या तळव्याला लागलेलं काळं बघितलं. मग बहिणीचा अंगठा बघितला.

त्याने काकांचे हात सोडले.

"महिनाअखेरपर्यंत खाली करा," तो म्हणाला आणि त्याने बहिणीचा हात चादरीखाली ठेवला.

काका घरी आले तेव्हा काकू खिडकीशी बसल्या होत्या. शेजारीण म्हणाली, "सकाळपासून घास घेतला नाही. दाराकडेच बघतायत."

काका त्यांच्यासमोर खाली बसले. काकूंनी त्यांचा हात उचलला, काळी झालेली बोटं एकेक करून निरखली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला ओळखलं.

"आलात? आज कचेरीत उशीर झाला," त्या म्हणाल्या. "कुणाचा कागद केलात?"