चाळीस मिनिटं, सात तास

हवेतून दोनशे दहा किलोमीटर, म्हणजे चाळीस मिनिटं. रस्त्याने घाट उतरून, नदीला वळसा घालून तीनशे नव्वद, म्हणजे सात तास. हा हिशेब तिने महिनाभर घोकला होता. नवरा टॅक्सीवाला, ती पळाल्याचं कळून त्याने गाडी कितीही दामटली, तरी सहा तास तिच्या हाती होते. तेवढ्या वेळात दादा तिला आणि चिमीला पलीकडच्या विमानतळावरून उचलून, नवऱ्याला ठाऊक नसलेल्या गावी पोहोचवणार होता.

कालच्या मारानं डावा कान अजून बंदच होता. ते एक वेळ चाललं असतं. पण या वेळी दोन वर्षांच्या चिमीचंही थोबाड फुटलं होतं.

विमान सुटल्यावर विसाव्या मिनिटाला वैमानिकाचा आवाज आला. पलीकडे वारा फार, उतरता येत नाही, परत चाललोय.

"झालं! करा आता टॅक्सी," शेजारच्या आजी करवादल्या. "विमान परत आलं की कसे तुटून पडतात बघ मेले. सात तासांचं भाडं सोडतंय कोण?"

त्या टॅक्सीवाल्यांत तोही असणार. टॅक्सीवाल्याची बायको असून हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाहेर पडायला दार एकच. चिमीच्या टोपीआड तोंड लपवून, ट्रॉली ढकलत ती गर्दीतून निघाली. तो दोन हातांवर होता, दुसऱ्याच कुणाची बॅग ओढत.

"बाबा!" चिमी ओरडली.

त्याने आधी ट्रॉलीवरची बॅग पाहिली, मग तिला. "अस्सं! कुठं निघाली होती गं स्वारी?"

केस धरून त्याने तिचं डोकं खांबावर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा भुवई फाटली आणि डोळ्यात रक्त उतरलं.

"अहो, घरी जाऊन करा काय ते," रखवालदार म्हणाला.

त्याने एका हाताने चिमीला हिसकलं. पोर दंडाला लोंबकळली, किंचाळली. "ही माझी. तू मर कुठं मरायचं ते."

तिने भरलेली ट्रॉली त्याच्या नडगीवर घातली. मागे घेतली, पुन्हा घातली. काहीतरी कडकन मोडलं. तो कोसळला, हातातली टॅक्सीची किल्ली फरशीवर घरंगळली. तिने ती घेतली, मागून आलेल्या आजींनी चिमीला उचललं.

"गाडी येते चालवायला?"

"माहेरी चालवायचे. यानेच बंद केलं."

"मग बघतेस काय! मी मागे बसते हिला घेऊन."

गाडी सुरू झाली तेव्हा तो फरफटत बॉनेटला येऊन चिकटला होता. काचेवर मुठी आपटत होता. काचेला तडा गेला.

"बाजूला हो," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याला एकेरीत बोलली.

तो हलला नाही. तिने गिअर टाकला. धप्पकन आवाज झाला, गाडीला हिसका बसला.

मागे बघायचं तिचं धाडस होईना.

आजींनीच मागच्या काचेतून पाहिलं. "हातपाय हलवतोय," त्या म्हणाल्या. "थांबू नकोस."