तांबूचे पाच शनिवार

जानकीची लेक विमला लग्न होऊन आरोंद्याला गेली, ते साल एकोणीसशे एकोणसाठ. त्याच पौषात मालवणजवळच्या एका वाडीत, उंडीच्या झाडाखाली, दर शनिवारी सकाळी माणसांची रीघ लागू लागली. मध्ये भस्म फासलेले वाळूबाबा, पुढ्यात वाळूचं आसन. लंगडं जनावर त्यावर निजवायचं. घटकाभराने ते उठून चालायचं.

"धरणीमाय दुःख गिळते," बाबा डोळे मिटून सांगत. "हत्तीचं गिळलं, घोड्याचं गिळलं. कुत्रं म्हणजे तिला सुपारीचं खांड."

वाडीत हत्ती कुणी पाहिला नव्हता, तरी माना डोलल्या.

जानकीचा कुत्रा तांबू चौदा वर्षांचा. नवऱ्याच्या होडीवर वाढलेला; नवरा गेला, लेक सासरी गेली, घरात तेवढाच उरला. मागचे पाय आखडलेले, उठताना कण्हायचा. जानकीने त्याला उचलून आणला, आसनावर निजवला. तांबू खरंच उठला, चार पावलं चालला. तिचे डोळे भरले.

"सात शनिवार आणायचा," बाबांनी बजावलं. "तोवर चूल, राख, गोणपाट वर्ज्य. अग्नीचा स्पर्श झाला तर विद्या उलटेल."

तांबू रोज चुलीच्या कोमट राखेत निजायचा. आता तो पडवीत, थंड जमिनीवर. रात्रभर दार खरवडायचा. जानकी दाराआड बसून म्हणे, "सोस रे बाबा, शनिवारी बरो होतलंस."

शनिवारी तो चाले, सोमवारी पुन्हा आखडे. दर खेपेला पावलं कमी होत गेली.

पाचव्या शनिवारी तिचा दीर भाई सोबत आला. आगबोटीवर वीस वर्षं भट्टीत कोळसा ओढणारा, रजेवर घरी आलेला. त्याने आसनावर तळहात टेकला.

"वयनी, ही वाळू गरम कित्याक?"

"आसनाचा तेज ता."

भाई वाळू उपसू लागला. बाबा ओरडले, "दूर हो, भस्म होशील!"

"वीस वरसां भस्मातच काढलंय मी, म्हाराज."

वीतभर खाली कौल निघालं. कौलाखाली करवंट्यांचे निखारे, माणसं जमायच्या आधी पुरलेले. गर्दी पांगली. कुणी बाबांना शिव्या दिल्या, कुणी भाईला.

जानकी तिथेच खाली बसली. "म्हणजे नुसती ऊब?"

"होय गो. म्हाताऱ्या सांध्यांक ऊब बरी लागता. घरची ऊब ह्येनी बंद करूक लावली, म्हणान तो आठवडोभर आखडायचो. मगे शनिवारी चमत्कार."

"दार मीच लावलंय रे, भाई."

भाईने तांबूला उचलून घेतलं.

मालवणच्या गुरांच्या डॉक्टरांनी तांबूला तपासलं. म्हणाले, "म्हातारपण उतरवता येत नाही. ऊब द्या, मऊ गोणपाट घाला, अन्नपाणी तोंडाशी ठेवा, कूस बदलत राहा." जानकीने सगळं केलं. थंडीत गेलेले चार आठवडे मात्र तिला परत देता आले नाहीत.

कुणी बाबा एखादी गोष्ट वर्ज्य सांगेल, तर ती का, हे आधी विचारावं. मुक्या जनावराला विचारता येत नाही. ते आपणच विचारायचं असतं.

तांबू पुढच्याच होळीच्या तीन दिवस आधी, दुपारी मेला.