कानाजवळचे तीन ठिपके

मी एक जुनी कात्री आहे. मित्रांनो, कात्री म्हटले की तुम्हाला शिंप्याची नाहीतर न्हाव्याची आठवेल. मी त्यांतली नाही. मी शस्त्रक्रियेची कात्री आहे, आणि तीही चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची. वीतभर लांब, टोकाशी किंचित वळलेली, बोटे अडकवायच्या कड्यांना सोनेरी मुलामा. तो मुलामा आता उडाला आहे, पण त्याविषयी कोणी बोललेले मला आवडत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोलाद तापवले, ठोकले, घासले, पुन्हा तापवले. त्याचे फारसे कौतुक सांगण्यासारखे नाही, जन्माला येताना सगळ्यांनाच त्रास होतो. मुंबईत शिकून जळगावला परतताना डॉक्टर प्रेमराज यांनी मला विकत घेतले आणि रुमालात गुंडाळून आणले. त्यांचे रुग्णालय छोटे होते. पहिली काही वर्षे आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याची माणसे येत. स्टोच्या भडक्याने हनुवटी छातीला चिकटलेल्या बाया, फाटक्या ओठाची बाळे. एखादीची मान सुटली आणि तिने वर बघितले की डॉक्टर मला पाण्यात बुडवून म्हणायचे, “शाबास.” खरे तर ते स्वतःलाच म्हणत असतील, पण मी ते माझ्या नावावर जमा केले.

पुढे सुरकुत्या घालवायला माणसे येऊ लागली. धुळ्याचे व्यापारी, भुसावळच्या मुख्याध्यापिका, आणि लग्नात फोटो चांगला यावा म्हणून आलेली एक वरमाय. चेहरा वर उचलण्याचे काम लोकांना वाटते तसे सोपे नसते. कातडी ओढली आणि शिवली, असे करणारे असतात. त्यांनी केलेला चेहरा जोराच्या वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसतो आणि दोन-तीन वर्षांत पुन्हा लोंबतो. आमच्या डॉक्टरांची रीत वेगळी. कातडीखाली चरबी, आणि तिच्याखाली एक पातळ पण चिवट पडदा असतो. उचलायचा तो पडदा. तो वर नेऊन पक्का शिवायचा आणि कातडी त्यावर ओढ न देता नुसती पांघरायची. उरलेली जादा कातडी कानापुढून कापून टाकायची, म्हणजे वण कानाच्या घडीत लपतो. असे काम दहा-बारा वर्षे टिकते आणि बघणाऱ्याला कळतही नाही. तो नुसता म्हणतो, काय हो, गावाला जाऊन आलात वाटते.

या कामात मी कापते कमी आणि उघडते जास्त. मिटलेली आत जायचे, हळूच पाती फाकवायची, थर आपोआप सुटतात. गालातून चेहऱ्याच्या नसा जातात. त्यांतली एक जरी कापली गेली तर माणसाचे हसू वाकडे होते. माझ्याकडून एकदाही तसे झाले नाही. याचा मला गर्व होता, आणि तो लपवावा असे कधी वाटले नाही.

मग यशोदाताई आल्या.

त्या धरणगावच्या. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, वय एकोणसाठ, मागे-पुढे कोणी नाही. घरात त्या आणि त्यांची आई ताईबाई, दोघीच. त्यांना अर्धीच भूल दिली होती. दुखत नव्हते, पण बोलता येत होते, आणि त्या बोलत होत्या. म्हणून मला सगळे ठाऊक आहे.

ताईबाईंना विसरण्याचा आजार झाला होता. लेकीचा तिशीतला एक फोटो भिंतीवर होता. त्याच्याकडे बोट करून म्हातारी तिच्या अहिराणीत सगळ्यांना सांगायची, “हाई मनी यशोदा.” आणि शेजारी उभ्या असलेल्या यशोदाताईंना, कुठून आलीस म्हणून, विचारायची, “तू कोन वं बाई? कथाईन ऊनी?”

“दोन वर्षं झाली, डॉक्टर,” यशोदाताई म्हणाल्या. “आई मला ओळखत नाही. ती त्या फोटोतलीला शोधते. चेहरा थोडा तरी तसा झाला, तर जायच्या आधी एकदा तरी मला नावानं हाक मारील. एवढंच पाहिजे मला.”

डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितले होते की तिशी परत आणता येत नाही. फार तर दहा-बारा वर्षे मागे नेता येईल, आणि आजारी मेंदूला ते कळेलच असे नाही. ताई ऐकायला तयार नव्हत्या. “कळेल,” त्या म्हणत. “आई आहे ती.”

डॉक्टर जांभळ्या पेनाने त्यांच्या गालावर खुणा करत होते. उजव्या कानापुढे त्यांचा हात थांबला. तिथे गोंदण होते. हिरवट निळे तीन ठिपके, एकाखाली एक, ज्वारीच्या दाण्याएवढे.

“ताई, हे ठिपके जादा कातडीत येतात. कापले जातील. चालेल?”

“जाऊ द्या ना. लहानपणी आईनं गोंदवले, का ते ठाऊक नाही. कॉलेजात मुली चिडवायच्या. नोकरीत तर मी कायम केसांनी झाकले.” मग त्या थोड्या हसल्या. “आईला मात्र एक चाळा लागलाय. घास घेण्याआधी माझे केस मागे सारते, कान बघते, आणि मगच तोंड उघडते. रोज. म्हातारपणी काय काय सवयी लागतात.”

डॉक्टर हसले, रेशमा सिस्टर हसली, भूल देणारेही हसले. मग काम सुरू झाले.

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर काम होते. थर कसे सुटत गेले, पडदा कसा एकसंध वर आला, एक थेंब रक्त जास्तीचे नाही. शेवटी कानापुढची पट्टी उरली, बोटभर रुंद. डॉक्टरांनी मला मिटले आणि ती पट्टी सुटली. तिच्यावरचे तीन ठिपके स्पष्ट दिसत होते. सिस्टरने ती चिमट्याने उचलून जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. पिवळ्या पिशवीतले परत येत नसते.

त्याच आठवड्यात मला धुताना सिस्टरच्या हातून मी निसटले आणि फरशीवर टोकावर पडले. टोक वाकले. माझी रवानगी पट्टी बांधायच्या खोलीत झाली. ज्या पात्यांनी नसा वाचवल्या, त्या पात्यांनी मी चिकटपट्टी कापू लागले. डिंक बसला, धार गेली. कुणी मला “शाबास” म्हणेना. मी चिडले, कुढले. तेव्हा मला वाटत होते की जगातले सर्वांत मोठे दुःख माझेच आहे.

दीड महिन्याने यशोदाताई तपासायला आल्या. चेहऱ्यावर सूज राहिली नव्हती. गाल भरलेले, हनुवटीखालची रेघ स्वच्छ, आणि ओढल्याची खूण कुठेही नाही. सिस्टर तर बघतच राहिली. पण ताईंचे डोळे रडून सुजले होते. सोबत हाताला धरून आईला आणले होते. काटकुळी, नऊवारीतली, नजर मात्र तरतरीत.

सूज असेपर्यंत आईने बघू नये म्हणून ताईंनी तिला शिंदखेड्याला रूपा या आईच्या भाचीकडे ठेवले होते. बरे वाटल्यावर केस छान वर बांधून त्या आणायला गेल्या होत्या.

“घरी आणली त्या दिवसापासून माझ्या हातचं खात नाही,” ताई म्हणाल्या. “मी यशोदा म्हटलं की केस मागे सारते, बघते आणि तोंड फिरवते. शेजारची भाविका भरवते तेव्हा खाते. आज सकाळपासून पाणीसुद्धा नाही घेतलं.”

त्यांनी डबा उघडला. खिचडी होती, वर तेल सोडलेले. त्यांनी घास पुढे केला. म्हातारीने हात लांब करून त्यांच्या उजव्या कानापाशी नेला, बोटाने कातडी चाचपली, वाकून पाहिले. दुसऱ्या बाजूलाही पाहिले. मग मान हलवली.

“आजी, खाई ले ना,” रेशमा सिस्टर म्हणाली. “तुनीच पोर शे ना ही.”

“नही वं,” ताईबाई म्हणाल्या. “मनी यशोदाना कानपाशी तीन ठिपका शेतस. बाजारमा दवडाई गयती ती, पाच वरीसनी व्हती. सांजलोंग दखी मी तिले. सापडनी तशी गोंदनारीनपान लई गयू आनि तीन ठिपका काढाले लावात. म्हनतं, आते कितलीबी गर्दी राहो, मनी पोर माले सापडी.”

पाच वर्षांची पोर बाजारात हरवली, संध्याकाळपर्यंत शोधून सापडली, आणि पुन्हा हरवली तर ओळखू यावी म्हणून आईने ते ठिपके गोंदवले होते. डॉक्टर दारात येऊन उभे होते, ते तिथेच थांबले. यशोदाताईंचा हात आपल्या कानाकडे गेला आणि तिथल्या गुळगुळीत कातडीवर थांबला. दोन वर्षे आई त्यांना चेहऱ्याने ओळखत नव्हती हे खरे. पण रोज, प्रत्येक घासाला, ती त्यांना शोधत होती आणि तिला त्या सापडत होत्या.

“डॉक्टर,” ताई म्हणाल्या, “ते परत लावता येईल?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ट्रेमध्ये माझ्याशेजारी खुणेचे जांभळे पेन पडले होते. ताईंनी ते घाईघाईने उचलले आणि कानापुढे चाचपडत तीन ठिपके काढले. ठिपके वेडेवाकडे आले.

“माय, देख. देख ना, मी शे.”

ताईबाईंनी जवळ येऊन पाहिले. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, हे मी खोटे सांगत नाही. मग त्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि ठिपका पुसून पाहिला. शाई पसरली.

“हाई खोटं शे,” त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, समजावून सांगावे तशा. “मनी पोरना पुसावत नहीत.”

सिस्टरने डबा घेतला आणि दोन घास भरवले. म्हातारीने ते खाल्ले. निघताना ताईबाईंनीच यशोदाताईंचा शाई पसरलेला गाल आपल्या पदराने पुसून दिला. परक्या बाईवर दया यावी तशी त्यांना दया आली असावी.

“रडू नको वं. तुले कोठे मनी यशोदा दिसनी ते तिले सांगजो, तुनी माय तुनी वाट देखत आठेच बठेल शे.”

यशोदाताईंनी डब्याचे झाकण लावले आणि आईचा हात धरला.

“सांगसू, आजी,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी आपली काळजी घ्या म्हणून विनवायचे असते. मी विनवणार नाही. मला गंज चढो नाहीतर भंगारात टाका, मला आता पर्वा नाही. माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरातले कोणी म्हातारे माणूस पुन्हापुन्हा तुमचा कान बघत असेल, तळहात उलटून पाहत असेल, गुडघ्यावरचा जुना वण शोधत असेल, तर चाळा म्हणून हसू नका. थोडे थांबा आणि ते काय शोधते आहे, ते विचारा. आमच्या शस्त्रक्रियेच्या खोलीत त्या दिवशी चार माणसे होती आणि एकानेही विचारले नाही.

यशोदाताईंचा चेहरा अजून छान आहे. तो दहा-बारा वर्षे तसाच राहील. डॉक्टरांचे काम टिकते.